४८४ क्रमांकाची जागा कशी कळते? लँथनाइड आणि विषाणूच्या प्रथिनांचे स्फटिक



फेब्रुवारी २०२१ आठवतो ना? कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात सगळ्यात आधी जाणवली ती आपल्या वऱ्हाडात. २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहरात आणि अचलपुरात आठवडाभराचा लॉकडाऊन लागला, अकोल्यातही निर्बंध आले. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत काही विचित्र नावं छापून येऊ लागली : ई४८४क्यू, एल४५२आर. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं, की महाराष्ट्रातल्या साधारण १५ ते २० टक्के नमुन्यांत हे दोन बदल सापडले आहेत. लोक त्याला ‘डबल म्युटंट’ म्हणू लागले.

नाव वाचणं सोपं आहे. विषाणूच्या स्पाइक प्रथिनात १२७३ अमिनो आम्लं एकापुढे एक ओवलेली आहेत. त्यांतल्या ४८४व्या जागी ई, म्हणजे ग्लुटामिक आम्ल होतं, तिथे क्यू, म्हणजे ग्लुटामिन आलं. हे जनुकाचा क्रम वाचून कळतं. पण खरा प्रश्न पुढचा आहे. ही ४८४वी जागा प्रथिनाच्या पोटात दडलेली आहे, की बाहेर, आपल्या पेशीला चिकटणाऱ्या कडेवर? पोटात असेल तर कदाचित फारसं बिघडत नाही. कडेवर असेल तर चिंतेची गोष्ट. जनुकाचा क्रम याचं उत्तर देत नाही. उत्तर मिळतं ते प्रथिनाच्या त्रिमितीय रचनेतून.

आजच्या पाठात आपण बघणार आहोत, की ही रचना कशी काढतात, आणि बारावीत ज्या लँथनाइड मूलद्रव्यांना आपण दोन मार्कांपुरतं पाठ करून सोडून देतो, ती या कामात नेमकी कशी उपयोगी पडतात.

१. स्फटिक कशाला हवा?

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. प्रथिनातल्या दोन अणूंमधलं अंतर असतं ०.१५ नॅनोमीटरच्या आसपास. इतक्या बारीक गोष्टीला दृश्य प्रकाश उपयोगाचा नाही, तितक्याच छोट्या तरंगलांबीचे क्ष-किरण लागतात. पण एका रेणूवरून विखुरलेले क्ष-किरण इतके क्षीण असतात की ते मोजता येत नाहीत. म्हणून अब्जावधी रेणू एकाच दिशेने, एकाच अंतरावर, रांगेत उभे करायचे. मग प्रत्येकाचा छोटासा आवाज मिळून मोठा आवाज होतो. अशी रांग म्हणजेच स्फटिक.

मीठ किंवा तुरटीचा स्फटिक आपण शाळेत करतो. प्रथिनाचं तसं नाही. प्रथिन मोठं, मऊ, हलतं-डुलतं. विषाणूची प्रथिनं तर त्याहून अवघड, कारण पेशीत शिरताना आकार बदलणं हेच त्यांचं काम. वर त्यांच्यावर साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात. प्रयोगशाळेत प्रथिनाचा एक-दोन मायक्रोलिटरचा थेंब काचेवर टांगून ठेवतात, त्यातलं पाणी हळूहळू कमी होऊ देतात आणि वाट पाहतात. शेकडो वेगवेगळी द्रावणं लावून बघावी लागतात. बहुतेक थेंबांत काहीच होत नाही, नाहीतर नुसता साका बसतो.

तरीही हे जमतं. चीनमधल्या संशोधकांनी २०२० च्या मार्चमध्येच स्पाइकचा पेशीला चिकटणारा भाग आणि आपल्या पेशीवरचं एसीई२ हे प्रथिन, दोघांचा एकत्र स्फटिक करून रचना प्रसिद्ध केली. त्या चित्रात ४८४वी जागा एसीई२ ला चिकटणाऱ्या कडेपाशी दिसते, तर ४५२वी जागा जरा बाजूला, थेट स्पर्श न करणारी. म्हणजे अमरावती-अकोल्यात लॉकडाऊन लागला तेव्हा त्या आकड्यांची जागा शोधायला नकाशा आधीच तयार होता.

२. फोटो मिळाला, पण अर्धाच

स्फटिकावर क्ष-किरण सोडले की मागच्या डिटेक्टरवर हजारो ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपका किती ठळक आहे ते मोजता येतं. पण ती लाट डिटेक्टरवर पोचली तेव्हा तिचा चढ होता की उतार, म्हणजे तिची फेज काय होती, ते नोंदलं जात नाही. यालाच ‘फेज प्रॉब्लेम’ म्हणतात.

हे असं समजा. वारीत पन्नास मृदंग वाजत आहेत. प्रत्येक मृदंगाचा आवाज किती मोठा होता हे तुम्ही लिहून ठेवलं, पण थाप केव्हा पडली ते लिहिलंच नाही. आता त्या वहीवरून ठेका पुन्हा उभा करता येईल का? नाही. आवाजाचा जोर आणि थापेची वेळ, दोन्ही लागतात.

यातून वाट काढायचा जुना उपाय म्हणजे स्फटिकात काही मोजके जड अणू घालणं. कार्बनमध्ये ६, नायट्रोजनमध्ये ७, ऑक्सिजनमध्ये ८ इलेक्ट्रॉन. त्यांच्यात एखादा साठ-सत्तर-ऐंशी इलेक्ट्रॉनवाला अणू बसवला की तो क्ष-किरणांना उठून दिसतो. आधी त्याची जागा काढायची, मग तिच्या आधाराने बाकीच्यांची फेज. मॅक्स पेरुट्झ यांनी १९५३ मध्ये हिमोग्लोबिनच्या स्फटिकात पारा घालून हेच दाखवलं.

दुसरा उपाय जास्त नाजूक. काही अणू ठरावीक तरंगलांबीच्या क्ष-किरणांचा थोडा भाग शोषतात आणि बाकीचा विखुरताना लाटेची वेळ किंचित सरकवतात. याला असंगत प्रकीर्णन म्हणतात. त्यामुळे एरवी सारखे असायला हवेत असे दोन ठिपके थोडे वेगळे पडतात आणि त्या फरकातून फेज काढता येते. ही गोष्ट आपल्यासाठी अभिमानाची आहे, कारण या पद्धतीच्या पायाभरणीतला एक महत्त्वाचा शोधनिबंध जी. एन. रामचंद्रन आणि एस. रामन यांनी मद्रासहून लिहिला आणि तो १९५६ मध्ये ‘करंट सायन्स’ या आपल्याच देशातल्या नियतकालिकात आला.

३. इथे लँथनाइड येतात

आवर्तसारणीत खाली वेगळी काढून ठेवलेली ती रांग : ५७ क्रमांकाच्या लँथनमपासून ७१ क्रमांकाच्या ल्युटेशियमपर्यंत. त्यांच्या तीन गुणांकडे लक्ष द्या.

पहिला, ते जड आहेत. गॅडोलिनियमचा अणुक्रमांक ६४, टर्बियमचा ६५.

दुसरा, त्यांचं असंगत प्रकीर्णन जोरदार आहे. साध्या प्रयोगशाळेतल्या तांब्याच्या क्ष-किरण नळीची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम. या तरंगलांबीला प्रथिनात नैसर्गिकपणे असलेल्या गंधकाचा असंगत भाग सुमारे ०.५६ इलेक्ट्रॉन इतका भरतो. गॅडोलिनियमचा भरतो जवळजवळ १२. म्हणजे वीस पटींहून जास्त! जिथे गंधकाची कुजबुज ऐकायला कान लावावा लागतो, तिथे गॅडोलिनियम मोठ्याने हाक मारतं.

तिसरा, त्यांचा आकार कॅल्शियमशी जुळतो. सहा शेजाऱ्यांमध्ये बसलेल्या कॅल्शियम आयनाची त्रिज्या १०० पिकोमीटर. लँथनमची १०३, गॅडोलिनियमची ९४, टर्बियमची ९२, ल्युटेशियमची ८६. ही उतरती भाजणी म्हणजेच तुम्ही पाठ केलेलं लँथनाइड आकुंचन. त्यामुळे प्रथिनात जिथे कॅल्शियमची खुर्ची असते, तिथे लँथनाइड आयन जाऊन बसू शकतो. आणि कॅल्शियमचा भार +२, याचा +३, म्हणजे पकड अधिक घट्ट.

विषाणूंमध्ये कॅल्शियमच्या खुर्च्या खरंच असतात का? असतात. आपल्याकडे हादगा किंवा हेटा म्हणून ज्याच्या फुलांची भाजी करतात, त्या झाडाला होणारा एक विषाणू आहे, सेस्बेनिया मोझॅइक विषाणू. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. आर. एन. मूर्ती यांच्या गटाने त्याचा स्फटिक करून १९९५ मध्ये ३ अँगस्ट्रॉमपर्यंतची रचना प्रसिद्ध केली. त्याच्या कवचात एकाच प्रथिनाच्या १८० प्रती असतात आणि त्या प्रतींच्या सांध्यांवर कॅल्शियमचे आयन बसलेले असतात. लहान मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसचं बाहेरचं कवचही कॅल्शियमवाचून टिकत नाही.

४. सुटा आयन नको, पिंजऱ्यातला हवा

मग लँथनाइडचं क्लोराइड आणायचं आणि थेंबात टाकायचं, झालं? तसं करतात, कधी जमतंही. पण अडचणी आहेत. द्रावणात फॉस्फेट असेल तर लँथनाइड फॉस्फेट लगेच खाली बसतं, कारण ते पाण्यात विरघळत नाही. सायट्रेट किंवा ईडीटीए असेल तर ते आयनाला पकडून ठेवतात. आम्लता कमी झाली तर हायड्रॉक्साइडचा साका होतो. आणि प्रत्येक प्रथिनात कॅल्शियमची खुर्ची असतेच असं नाही.

म्हणून आयनाला लिगँडच्या पिंजऱ्यात घालतात. याचं उदाहरण तुमच्या घरातल्या कोणाच्या तरी फाइलमध्ये सापडेल. अमरावतीला किंवा अकोल्याला एमआरआय करताना काही वेळा ‘कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन’ देतात. त्यात गॅडोलिनियम असतं. सुटं गॅडोलिनियम शरीराला विषारी, म्हणून ते पिंजऱ्यात बंद करून देतात. गॅडोटेरिडॉल हे त्यांपैकीच एक औषध. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला एरिक जिरार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास हेच कॉम्प्लेक्स कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइम प्रथिनाच्या स्फटिकात घालून दाखवलं, की त्याने फेज उत्तम मिळते. एमआरआयचं औषध, अंड्यातलं प्रथिन, आणि त्यातून एक नवी पद्धत. बघा, कल्पनेला महागडं साहित्य लागतंच असं नाही.

पुढे वेगवेगळे पिंजरे आले. डायपिकोलिनेटचे तीन लिगँड एका लँथनाइडभोवती बसले की पूर्ण कॉम्प्लेक्सचा भार −३ होतो. ते प्रथिनावरच्या धनभारित जागा शोधतं, विशेषतः आर्जिनिन.

५. क्रिस्टलोफोर : फेज देतो, बीजही धरतो

२०१७ मध्ये ग्रेनोबलचे एरिक जिरार आणि लिओंचे ऑलिव्हिए मोरी यांच्या गटांनी टर्बियमचं एक कॉम्प्लेक्स प्रसिद्ध केलं. नाव टीबी-एक्सओ४, टोपणनाव ‘क्रिस्टलोफोर’. याचा पिंजरा मुद्दाम थोडा उघडा ठेवलेला आहे आणि एकूण भार +१ आहे. त्यामुळे तो प्रथिनाच्या पृष्ठभागावरच्या ऋणभारित जागा, म्हणजे अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्ल, यांना जाऊन चिकटतो. प्रथिनाच्या द्रावणात तो साधारण १० मिलिमोलर इतकाच मिसळतात आणि नेहमीच्या चाचण्या लावतात.

त्यातून तीन फायदे मिळतात.

पहिला फायदा, बीज धरतं. खडीसाखर कशी करतात ते आठवा. घट्ट पाकात दोरा सोडला की त्याच्याभोवती साखर धरते. दोरा नसेल तर पाक तसाच राहतो किंवा सगळाच भुरभुरतो. प्रथिनाचंही तसंच, पहिले काही रेणू नीट जुळून येणं हीच खरी अडचण. दोन प्रथिनांचे पृष्ठभाग दोन्हीकडे ऋणभारित असले तर ते एकमेकांना ढकलतात. मध्ये धनभारित कॉम्प्लेक्स आलं तर ते दोघांमध्ये पूल बनू शकतं. काही प्रथिनांच्या बाबतीत ज्या द्रावणांत एरवी काहीच होत नव्हतं, तिथे क्रिस्टलोफोर घातल्यावर स्फटिक आले.

दुसरा फायदा, फेज मिळते. जे रेणू स्फटिक धरायला मदत करतात तेच आत टर्बियम घेऊन बसलेले असतात. वेगळा जड अणू घालायची गरज बरेचदा उरत नाही.

तिसरा फायदा, स्फटिक हिरवा चमकतो. अतिनील प्रकाश पडला की टर्बियम ५४५ नॅनोमीटरच्या आसपास हिरवा प्रकाश देतं. थेंबात दिसणारा खडा प्रथिनाचा आहे की मिठाचा, हा रोजचा प्रश्न. प्रथिनाच्या स्फटिकात टर्बियम गोळा झालेलं असतं, म्हणून तो उठून दिसतो. जुन्या सीएफएल दिव्यांत हिरवा रंग टर्बियमच्याच फॉस्फरचा असायचा. आणि आपल्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून टर्बियम, युरोपियम मिसळलेल्या फॉस्फरवर कित्येक शोधनिबंध निघालेले आहेत. म्हणजे हा हिरवा प्रकाश अमरावतीला परका नाही.

६. आता पुन्हा ४८४ कडे

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या लाटेवर २०२१ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच चार बदल आहेत. प्रत्येकाचा भार आपण मांडून बघू.

एल४५२आर : ल्युसिन (भार ०) जाऊन आर्जिनिन (+१) आलं. फरक +१.
टी४७८के : थ्रिओनिन (०) जाऊन लायसिन (+१) आलं. फरक +१.
ई४८४क्यू : ग्लुटामिक आम्ल (−१) जाऊन ग्लुटामिन (०) आलं. फरक +१.
पी६८१आर : प्रोलिन (०) जाऊन आर्जिनिन (+१) आलं. फरक +१.

दिसलं का? चारही बदल एकाच दिशेचे. प्रत्येकाने स्पाइकचा धनभार एकाने वाढवला. हे चारही एकाच विषाणूत नव्हते, हे लक्षात ठेवा. पुढे ज्याला डेल्टा नाव पडलं त्यात ४५२, ४७८ आणि ६८१ होते. ज्याला कप्पा म्हटलं त्यात ४५२, ४८४ आणि ६८१. एसीई२ चा स्पाइकला सामोरा येणारा पृष्ठभाग एकूण ऋणभारित आहे. त्यामुळे ४५२, ४७८ आणि ४८४ या जागांवरचा वाढलेला धनभार विषाणूच्या पथ्यावर का पडू शकतो, याचा अंदाज तुम्हाला येईल. ६८१ची जागा मात्र दूर आहे. तिथे आपल्या पेशीतलं एक विकर स्पाइकला कापतं, आणि त्या विकरालाही धनभारित आर्जिनिन आवडतं.

आता लँथनाइडचा चष्मा लावा. हा केवळ कागदावरचा विचार आहे, पण तो करून बघण्यासारखा आहे. ४८४व्या जागी ग्लुटामिक आम्ल असताना तिथे धनभारित क्रिस्टलोफोरला बसायला एक जागा असू शकते. ग्लुटामिन आलं की ती गेली. उलट ४५२व्या जागी आर्जिनिन आलं की −३ भाराच्या डायपिकोलिनेट कॉम्प्लेक्सला एक नवी जागा मिळू शकते. विषाणू पेशीला चिकटतो तो भारामुळे, प्रतिपिंड ओळखतात ते भारामुळे, आणि लँथनाइड कॉम्प्लेक्स जागा शोधतं तेही भारामुळेच. तिन्हीकडे नियम एकच.

७. मर्यादाही सांगायला हव्यात

लँथनाइड म्हणजे जादूची कांडी नाही. काही प्रथिनं क्रिस्टलोफोर घालूनही स्फटिक देत नाहीत. काहींचा साकाच होतो. स्फटिक आला तरी तो क्ष-किरणात चांगला निघेल याची हमी नाही. आणि पूर्ण स्पाइकसारख्या मोठ्या प्रथिनांसाठी आज क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरतात, तिथे स्फटिक लागतच नाही. पण लहान प्रथिनं, आणि औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत नेमका कसा बसतो हे बघायचं असेल, तर आजही स्फटिकच कामाला येतो. कोरोनाच्या मुख्य प्रोटीएज विकराची रचना फेब्रुवारी २०२० मध्ये स्फटिकातूनच जगाला मिळाली. त्याला अडवणारं निरमाट्रेलविर हे औषध विकराच्या खाचेत कसं बसतं, तेही स्फटिकातच पाहिलं गेलं.

८. हे काम आपल्यापासून किती लांब?

विदर्भाच्या नावाचा एक विषाणू जगाच्या पुस्तकात आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तातून तो मिळाला आणि गावाचंच नाव त्याला पडलं. तो लहान मुलांच्या मेंदूला सूज आणतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत तो पुन्हा आला. त्याच्यावर आजही खास औषध नाही. या विषाणूच्या जी प्रथिनाची, म्हणजे पेशीत शिरायच्या किल्लीची, स्फटिकातून काढलेली एक रचना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती फ्रान्सच्या प्रयोगशाळेतून. विषाणू आपला, आजारी मुलं आपली, आणि किल्लीचं चित्र तिकडून आलं. यात त्यांना दोष नाही, त्यांचे आभारच मानायला हवेत. पण आपण विचार करायला हवा.

कारण साधनं आपल्याकडे आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एम. व्ही. होसूर आणि सहकाऱ्यांनी एचआयव्हीच्या प्रोटीएजचा स्फटिक करून १.९ अँगस्ट्रॉमची रचना २००१ मध्येच प्रसिद्ध केली होती. इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे आणि त्यावर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी स्वतंत्र बीमलाइन आहे. जुन्या मीटरगेजने अकोल्याहून अकोट, खंडवा करत लोक ज्या इंदूरला जायचे, तेच हे इंदूर.

तेव्हा बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेणाऱ्यांनो, एफ-ब्लॉकचा धडा आला की पान उलटू नका. आयनाचा भार, त्याची त्रिज्या आणि लिगँडची निवड या तीन गोष्टींच्या जोरावर एखाद्या विषाणूचा चेहरा दिसू शकतो. चांदीपुराची पुढची रचना वऱ्हाडातल्या एखाद्या मुलीने काढावी, यात अशक्य असं काही नाही.

स्वाध्याय

१. फॉस्फेट बफरमध्ये गॅडोलिनियम क्लोराइड टाकलं तर काय होईल? पिंजऱ्यातलं गॅडोलिनियम वापरलं तर फरक का पडतो?
२. कॅल्शियमच्या जागी ल्युटेशियमपेक्षा लँथनम किंवा गॅडोलिनियम सोयीचं का ठरेल? वर दिलेल्या त्रिज्या वापरून उत्तर लिहा.
३. कप्पा आणि डेल्टा, दोन्हींसाठी वर दिलेल्या बदलांतून भारात एकूण किती फरक पडतो ते काढा. उत्तर सारखं आलं का? मग दोन विषाणूंच्या वागण्यात फरक का असावा, यावर वर्गात चर्चा करा.
४. घरी खडीसाखरेचा प्रयोग करा : एका भांड्यात दोरा सोडा, दुसऱ्यात सोडू नका. आठ दिवस भांडी न हलवता ठेवा आणि रोजचं निरीक्षण वहीत लिहा.